खिळ्याला टांगलेला जोड

आप्पा,

तुम्ही गेल्यापासून साबणाचा दर्जा इतका घसरला आहे की कुणीतरी हे तुमच्या कानावर घालणं भागच आहे. तक्रार गंभीर आहे आणि मी ती पूर्ण शुद्धीत करते आहे. गॅसच्या पाइपाचा जोड गळतो का ते बघायला तुम्ही धुण्याच्या साबणाची वडी किसून पाण्यात भिजत घालायचात. दुसऱ्या दिवशी त्याचं बुळबुळीत, ढिम्म पाणी व्हायचं. ब्रशाने जोडावर फासलं की ते गप्प बसून राहायचं, आणि गॅस सुईच्या टोकाएवढा जरी गळत असला तरी तिथे एक बुडबुडा हळूच डोळा उघडायचा. आता तशी वडी मिळत नाही. मिळतं ते भांडी घासायचं लिंबाच्या वासाचं हिरवं पाणी. जोडाला लावायचा अवकाश, ते स्वतःच इतकं फेसाळतं की गळती कुठली आणि साबणाचा आगाऊपणा कुठला, काही कळत नाही. वर तो वास. गॅस गळला तर नाकाला आधी लिंबू कळतं. परवा गोखिवऱ्यातल्या एका शेडमध्ये मी गुडघ्यावर बसून जोड तपासते आहे आणि मागे उभा राहून मालक म्हणतो, "वा मॅडम, काय फ्रेश वाटतंय!" गॅसच्या लाइनीशेजारी उभं राहून माणसाने म्हणावं असं हे वाक्य नाही, पण सांगणार कुणाला? तुम्ही असतात तर त्याला शुद्ध मराठीत उत्तर दिलं असतंत. तुमचा राग घरच्या बोलीत असायचा, आणि तुम्ही एकदम पुस्तकातल्यासारखं बोलायला लागलात की समोरच्याचं काही खरं नसायचं.

काम तेच आहे, तुम्ही ज्यात नाव कमावलंत ते, रंगाच्या भट्ट्यांना गॅस जोडून द्यायचं. लोखंडी जाळ्या आणि कपाटाच्या फळ्यांवर रंगाची पूड फवारायची आणि भट्टीत सोडायच्या. भट्टीच्या दोन्ही अंगांना गॅसचे हीटर. चिनीमातीच्या बारीक भोकांच्या फरश्या, ज्वाला दिसत नाही, फरशी नुसती लालबुंद होते आणि तिच्या धगीने पूड वितळून लोखंडाला चिकटते. प्रत्येक हीटरला एक पाइप गॅसचा आणि एक हवेचा. गॅस बाहेरच्या सिलिंडरांतून येतो, हवा ब्लोअर ढकलतो. "गॅस कुणीही आणतो, हवा कुठून आणलीस ते दाखव," हे तुमचं वाक्य मी अजून वापरते, माझंच असल्यासारखं. या मालकाला ब्लोअरचं तोंड शेडच्या आतच ठेवायचं होतं, म्हणजे भिंतीला भोक पाडायला नको. शेडमधली हवा म्हणजे निम्मी रंगाची पूड. महिनाभरात फरशीची भोकं बुजतील, हीटर पिवळा जळायला लागेल आणि आतल्या माणसांची डोकी दुखायला लागतील. तो म्हणाला, "मॅडम, हवा ती हवाच ना? आतली काय नि बाहेरची काय!" मी म्हटलं, "बरोबर आहे. तुम्ही पण मग तुमच्या ऑफिसची खिडकी बंद करून संडासाचं दार उघडं ठेवत जा." भोक पाडलं. सांगायचं एवढंच की तुमची जीभ वाया गेलेली नाही. वाडी भावाने विकली, केळी गेली, पानवेली गेल्या, जीभ माझ्या वाट्याला आली.

आणि तो जोड आला. आपल्या वर्कशॉपच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला खिळा, खिळ्याला तार, तारेला ते युनियन. दोन पाइप मधोमध जोडणारी पितळी बैठकीची, पान्याने आवळायच्या लोखंडी चाकीची ती वस्तू, दोन्हीकडे वीतभर पिवळा पाइप ठेवून तुम्ही करवतीने कापून आणलेली. काजळलेली, आणि चाकीवर एक पांढरा ठिपका. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी तिच्यासमोर उभं करायचं आणि प्रवचन द्यायचं, ही तुमची प्रथा. "वीस वर्षांचा अनुभव होता याला. माझा उजवा हात होता. एक दिवस गाफील राहिला. बघून ठेव." तुम्ही गेल्यावर एकोणीस वर्षं ते प्रवचन मी देते आहे. शब्दही बदललेले नाहीत. "माझा उजवा हात"च्या जागी फक्त "आप्पांचा उजवा हात" म्हणते, तेवढी प्रामाणिक मी आहे.

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्याची एक फिटर कामाला लागली. दोन मुलांची आई, आयटीआयचा दाखला, आधी दोन ठिकाणी काम केलेली. तिला खिळ्यासमोर उभं केलं आणि सुरू झाले. ती शांतपणे ऐकत होती, ऐकता ऐकता तिने तो जोड तारेसकट हातात घेतला, उजेडाकडे वळवला. इतक्या वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता. देवळातल्या मूर्तीला लावत नाहीत तसा. म्हणाली, "मॅडम, सॉरी हां, पण हे वीस वर्षंवाल्याचं काम नाही वाटत." मी विचारलं, का? "चाकी तिरकी चढलीये ना. आटे एकमेकांवर बसलेत. मग वरून जोर मारून आवळलंय, बघा ना, पान्याचे दात केवढे घुसलेत. हे तर शिकणाऱ्याचं काम आहे. शिकणारा आणि घाबरलेला." मग जोड परत सोडून दिला आणि च्युइंगम चघळत हात पुसले. तो तारेवर थोडा वेळ हलत राहिला. अठ्ठावीस वर्षं तो दारात लटकतो आहे, आप्पा, त्याखालून शंभर माणसं गेली असतील आणि कुणालाही आटे दिसले नाहीत. सगळ्यांनी ठिपका पाहिला. तुम्ही पण.

ठिपक्यांची पद्धत तुमची. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला अजून तिच्याइतकी चोख पद्धत ठाऊक नाही. जोड आवळायचा, साबण लावून तपासायचा, आणि ज्याने आवळला त्याने चाकी आणि पाइप दोघांवर येईल असा आपल्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. चाकी केसभर जरी ढिली झाली तरी ठिपका तुटतो. आणि पुढे काही झालंच तर कुणाचा हात, ते विचारावं लागत नाही. तुमचा रंग लाल. तुमचा उजवा हात दादूस, त्याचा पांढरा. बाकीच्यांना रंगच नाही, त्यांनी आवळलेलं तुम्ही किंवा दादूस पुन्हा आवळणार आणि आपला ठिपका देणार. ठिपका द्यायचा तो आगकाडीने, आणि तिचं गुल आधी शेडच्या बाहेर मोडून टाकायचं. रंगाची डबी झाकण ठोकून पालथी ठेवायची, म्हणजे रंग झाकणाला येऊन बसतो, हवा शिरत नाही आणि वर्षभर वाळत नाही. दादूसला पांढरा मिळायला सात वर्षं लागली. मला दीड वर्षात निळा मिळाला. वाडीतल्या विहिरीच्या पंपाला लावून उरलेला रंग तुम्ही एका लहान डबीत भरून आणलात, आई पानं वाढत होती, माझ्या ताटाशेजारी ती डबी ठेवलीत आणि म्हणालात, "घे. पोरगा असता तर पाच वर्षं थांबवला असता, तुझ्याकडे तेवढा वेळ नाही." आई म्हणाली, "जेवताना तरी चांगलं बोला." तुम्ही म्हणालात, "चांगलंच बोललो." आणि खरं सांगू, ते चांगलंच होतं. तुमच्याकडून मला मिळालेली ती एकच वस्तू आहे जी भावाला आधी देऊन नाकारली गेलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दादूसने डबी हातात घेऊन पाहिली. "बाय, आता तुजी पन रंगाची खून लागनार हां जगात," म्हणाला, आणि जकात नाक्यावरून पाव-भजी आणून सगळ्यांना खिलवली.

मला काम दादूसने शिकवलं, ते तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्हाला वाटायचं की तुमच्या ओरडण्याने माणूस शिकतो. तुम्ही ओरडायचात आणि निघून जायचात, मग दादूस यायचा. "आटे मोजू नको, बाय, ऐक. चाकी सरल बसली की हात गप होतो. कुरकुरली की सोड, परत लाव. लोखंड खोटं नाय बोलत." त्याचं गाव मिठागराकडचं, बोलणं पाण्याला पानी म्हणणारं, आणि हात असे की पाइपाला आटे पाडताना डायच्या खाली तेलाचा थेंब कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं. तुमच्या लाल ठिपक्यांपेक्षा त्याचे पांढरे कमी गळायचे. हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाही, म्हणूनच ते कुणी बोलायचं नाही.

तो अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार, अशाच एका भट्टीच्या शेडमधला. शुक्रवारी वीज नसायची म्हणून कारखाने बंद, म्हणून जोडणीची कामं आपण शुक्रवारी करायचो आणि शनिवारी ब्लोअर लावून हीटर पेटवायचे. सहा हीटर, पाइपाच्या बारा फांद्या, आणि मोजकी युनियनं. सकाळीच माझ्याकडून एक खराब झालं. चाकी तिरकी चढली, मी सोडवायला गेले आणि आटाच कापला गेला. तुम्ही ते हातात घेता आहात. शेडमध्ये मालक आहे, त्याचा भाऊ आहे, आपली चार माणसं आहेत, दादूस शिडीवर आहे. तुम्ही ते उलटसुलट करून बघता आणि शुद्ध मराठीत म्हणता, "एक स्थळ गेलं. एक युनियन गेलं. आता तिसरं काय घालवण्याचा विचार आहे?" साखरपुडा मोडून तेव्हा चार महिने झाले होते. मालक हसला. मालकाचा भाऊ कुणाकडे तरी बघून हसला. आपल्या माणसांनी मान खाली घातली, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. दादूस शिडीवरून म्हणाला, "आप्पा, जाऊ द्या, दुसरा हाय ना." तुम्ही म्हणालात, "हिच्यासाठी नाही."

आप्पा, वाक्य म्हणून ते उत्तम आहे. मी पुढे आयुष्यभर वाक्यं केली, कामावर आणि पेपरातल्या सदरातही, लोकांना जिथे दुखतं तिथे नेमकी लागतील अशी. पण इतकं आटोपशीर मला जमलं नाही. स्थळ, युनियन, तिसरं काय. त्यात एक शब्द जास्त नाही.

दुपारी तिसऱ्या हीटरच्या फांदीवर मी शेवटचं युनियन लावते आहे आणि चाकी कुरकुरते आहे. हात गप होत नाही. मला कळतं आहे. सोडायची, परत लावायची, एवढंच करायचं असतं. पण सोडवताना सकाळी आटा कापला गेला होता, आणि पुन्हा कापला गेला तर मला तुमच्याकडे यावं लागणार होतं, दुसऱ्यासाठी हात पुढे करून, त्या सगळ्यांसमोर. मी पाना लावला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. मग पंपाने हवा भरून साबण फासला. बराच वेळ काही नाही, मग एक बुडबुडा. मी आणखी आवळलं. मग बुडबुडा आला नाही. आला नाही म्हणजे मी आणखी थांबले नाही. मग ठिपका. माझी निळी डबी वाळली होती. दादूसची पांढरी शिडीखाली उघडीच होती, तो जेवायला गेला होता, मी काडी तिच्यात बुडवली आणि ठिपका दिला. घाईत असं होतं. आईला मी असंच सांगितलं, पुढे स्वतःलाही असंच सांगत आले.

शनिवारी सकाळी हीटर पेटवले. पहिला लाल झाला, दुसरा लाल झाला. ब्लोअरच्या हादऱ्याने पाइप थरथरत होते, आणि धग लागून लोखंड फुलतं ते वेगळंच. तिसरा लाल व्हायच्या आधी जोडाशी एक निळं फडकं हलल्यासारखं झालं. मग आवाज. मोठा नाही, कुणीतरी भली मोठी चादर झटकावी तसा. आपण सगळे दाराकडे पळालो. तुम्हीही, आप्पा, मी पाहिलं. सगळ्यांत आधी तुम्ही. दादूस उलट्या दिशेला गेला. मधला कॉक त्या आगीच्या पलीकडे होता, त्याने हात आरपार घालून तो बंद केला.

बाहेर ओट्यावर तो बसला आहे, उजवा हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत. कातडी पाण्यात पांढरी तरंगते आहे. रिक्षा आणायला माणूस पळाला आहे. रिक्षा येईपर्यंत तुम्हाला दम धरवला नाही. तुम्ही आत गेलात, अंगठ्याने काजळी पुसलीत आणि दारात येऊन विचारलंत, "पांढरा कोणाचा?" प्रश्न विचारायची गरज नव्हती, तीच तर पद्धतीची खुबी. दादूस उठला. हातावरून पाणी गळत आत गेला, वाकून बघितलं. त्या कामात त्याचे तेवीस जोड होते. तेवीसातला एकेक कुणाला आठवतो? तो कितीतरी वेळ बघत होता. मग म्हणाला, "माजाच दिसतो, आप्पा."

माझ्या खिशात निळी डबी होती. तुम्ही म्हणालात, "यापुढे येण्याची तसदी घेऊ नये." शुद्ध मराठीत. वीस वर्षं तुमच्याकडे राबलेल्या माणसाला. तो म्हणाला, "बरोबर हाय." आणि रिक्षात बसताना माझ्याकडे बघून, त्या स्थितीत, म्हणाला, "बाय, भ्यालीस काय? काय झाला नाय."

लोक म्हणतात, मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. मी जिवंतांबद्दल बोलून दमले म्हणून तुमच्याकडे वळले आहे. कधीमधी मला वाटायचं की तुम्हाला माहीत असणार, इतका जाणता माणूस, तिरके आटे दिसले नसतील कसे? तो जोड तुम्ही मलाच दिसावा म्हणून दारात टांगला असेल, न बोलता शिक्षा. या कल्पनेवर मी बरीच वर्षं काढली, कारण तीत आपण दोघंही बरे दिसतो. पण ते खरं नाही. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही मला सोडलं नसतंत. न्याय तुम्हाला फार प्रिय होता, विशेषतः दुसऱ्यावर करायचा. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुमची पद्धत जाणत्या डोळ्यांसाठी नव्हतीच. आटे बघावे लागतात, रंग नुसता दिसतो. शेवटच्या दिवशीही इस्पितळात तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. ऑक्सिजनची नळी भिंतीला जिथे लागते तिकडे बोट दाखवून नर्सला विचारलंत, "जोड तपासला का?" ते तुमचे शेवटचे शब्द. मी दोन पावलांवर उभी होते.

त्या नालासोपाऱ्याच्या बाईने जोड हातात घेतला त्यानंतर आठवडाभर मी काही केलं नाही. मग दुपारी स्कूटर काढली आणि मिठागरांकडच्या त्याच्या गावात गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, "हात जळालेला" म्हटलं की लहान पोरंही दाखवतात. दादूस पंचाहत्तरीचा झाला आहे. पडवीत बसून डाव्या हाताने लसूण सोलत होता. उजवा हात मांडीवर, कोपरापासून खाली मेणासारखा, बोटं अर्धी मिटलेली. मला ओळखायला त्याला क्षण लागला नाही. "बाय! जाडी झालीस गो." त्याच्या बायकोने काळा चहा केला. विजेच्या शेगडीवर. मी सवयीने सिलिंडर कुठे आहे ते शोधत होते, तिने माझी नजर पकडली.

"नाय हाय," ती म्हणाली. "याच्या घरात गॅस नाय. अर्ध्या गोखिवऱ्याला यानी गॅस लावला नि मी तीस वरसा चूल फुकली. आता ही वायरीची शेगडी, वीज गेली का उपास."

"माजे हाताचा भरोसा नाय," दादूस म्हणाला. "दुसऱ्याकडना लावून घेतला तरी रातचा मीच उठून चावी आवलनार. नि माजा हात लागला का..." त्याने उजवा हात डाव्याने उचलून मला दाखवला, बाजारात खराब माल दाखवतात तसा. "हा हात एकदा खोटा पडला."

मग मी सांगितलं. चहा हातात धरून, बशीत बघत. तिसऱ्या हीटरचा जोड माझा होता. ठिपका तुझा दिला, हात माझा होता. त्याची बायको जागच्या जागी थांबली. दादूस लसूण सोलत राहिला, तीन-चार पाकळ्या सोलल्या. मला वाटतं, मी कुठल्यातरी मोठेपणाची वाट बघत होते. माणसं म्हातारी झाली की मोठी होतात असं आपल्याला उगाच सांगितलेलं असतं.

"अठ्ठावीस वरसा," तो म्हणाला, "मी या हाताला शिव्या दिल्या. जलला म्हनून नाय. चुकला म्हनून." मग, "हात बरा होता?"

"बरा होता, दादूस."

"तुजा रंग कुटं गेलता?"

"वाळला होता," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. वाळतो रंग, त्यालाही माहीत आहे. त्याची बायको मला म्हणाली, "नि आता आलीस. आता याला उजव्या हातानी बटन लावता येत नाय, आता आलीस." मी म्हटलं, गॅसचं कनेक्शन मी लावून देते, पाइप, चावी सगळं, माझ्या हाताने. दादूस पहिल्यांदा हसला. एकच दात दिसला. "तुज्या हातानी? नको गो बाय. तुजा जोड मी बघितलाय."

बायकोही हसली. मीसुद्धा. तुम्हाला ते आवडलं असतं, आप्पा, तेवढंच आटोपशीर होतं. मी उठले तेव्हा तो म्हणाला, "माजी माफी मागू नको. मना काडला तुज्या बापानी. त्याला सांग." मी म्हटलं, ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. "मग लिव. तुला लिवता येतं ना, लोकांची उनीदुनी लिवतेस म्हनं पेपरात. लिव. नि तो खिल्यावरचा माजा पांढरा काड. मेल्यावर माजी खून तिथं लटकलेली नको."

म्हणजे हा जोड अजून लटकतो आहे हे त्याला ठाऊक होतं. कुणीतरी सांगितलं असणार. दर नव्या माणसाला सांगितलेली गोष्ट गावात कुणी ना कुणी घरी नेतोच. इतकी वर्षं ते माझंच प्रवचन त्याच्याकडे पोचत होतं.

म्हणून लिहिलं. आज दुपारी माणसं जेवायला गेल्यावर तो जोड खाली काढला. तार खिळ्याला गंजून धरली होती, पकडीने तोडावी लागली. ठिपका थिनरने सुटेना, ब्लेडने खरवडला. खाली पिवळा पाइप निघाला, अगदी नवा, त्या शुक्रवारचा. मग कपाटातून माझी डबी घेतली, काडीचं गुल बाहेर जाऊन मोडलं, आणि चाकी आणि पाइप दोघांवर येईल असा निळा ठिपका दिला. जोड परत त्याच खिळ्याला टांगला. उद्या त्या नालासोपाऱ्याच्या बाईला त्याच्यासमोर उभं करून प्रवचन पुन्हा द्यायचं आहे, या वेळी ते "मी कुणाचा उजवा हात नव्हते" असं सुरू होईल. दादूसला येऊन बघायचं असेल तर बघेल, नसेल तर त्याच्या बायकोला फोटो पाठवीन.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही आणि त्याच्यापर्यंतही नेणार नाही. त्याने लिही म्हटलं, वाचून दाखव म्हटलं नाही, आणि वाचून दाखवलं तर एका ठिकाणी मला थांबावं लागेल. डबीचं झाकण ठोकलं आहे आणि ती पालथी ठेवायला खाली कागद हवा, तो हाच घेते. पालथी ठेवली की वर्षभर वाळत नाही. तुम्हीच शिकवलंत, पहिल्या दिवशी, ताटाशेजारी. मी तेव्हापासून एकही दिवस ती सुलटी ठेवलेली नाही. त्या शुक्रवारीही नव्हती, आप्पा. मी झाकण उघडून पाहिलं होतं. रंग ओला होता.